डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि अपुऱ्या दिवसांची बाळे

शिरोडे म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ते वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे. वि. स. खांडेकरांनी तेथे शिक्षकी केली आणि १९३० साली तेथेच मिठाचा सत्याग्रह झाला. दुसरे शिरोडे गोव्यात, फोंडा तालुक्यात, जुवारी नदीच्या बाजूला आहे. श्रीकामाक्षीच्या देवस्थानामुळे ते गोमंतकीयांच्या परिचयाचे असले, तरी जगभरच्या प्रसूतिगृहांत त्याचे नाव रोज उच्चारले जाते ते निराळ्याच कारणाने. या गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी येथे झाला. कोणत्याही देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला शिरोडकरांचा टाका म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. हे शिरोडकर मराठी मुलखातले होते, हे मात्र आपल्याकडच्या पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

त्या काळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. आपली दादरा आणि नगर हवेलीही तशीच होती. गोमंतकातल्या होतकरू मुलांना इंग्रजी शिक्षणासाठी ब्रिटिश हद्दीत यावे लागे. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण हुबळीला झाले. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले, १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत एम.डी. आणि १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. परत आल्यावर मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. चाळिसाच्या दशकात ते आपल्याच जुन्या महाविद्यालयात मानद प्राध्यापक झाले आणि जे. जे. समूहाच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करू लागले.

त्यांच्यापुढे येणाऱ्या स्त्रिया कोणत्या अवस्थेत येत असतील, याची कल्पना आज करणे कठीण आहे. बाळंतपण बहुधा घरीच, सुईणीच्या हातून होई. बाळ रडले नाही तर त्याला पालथे धरून थोपटायचे, तोंडावर पाणी शिंपडायचे, कानात फुंकायचे. नाळ न कापता वार निखाऱ्यांवर शेकायची आणि ती ऊब नाळेतून बाळात जाईल अशी वाट पाहायची, ही रीतही देशाच्या अनेक भागांत होती. अपुऱ्या दिवसांचे बाळ कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवले जाई. ही ऊब देण्याची कल्पना मुळात चुकीची नव्हती, उलट अशा बाळाला प्रथम हवी असते ती ऊबच. पण ज्याची छातीच फुगत नाही त्याच्यासाठी कोणाहीजवळ काही नव्हते. सुईणीजवळ नव्हते, आणि खरे सांगायचे तर मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाजवळही नव्हते. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असा समज आपल्या घराघरांतून होता. तो साफ खोटा आहे. गर्भात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. सातव्या महिन्याचे एखादे मूल जगले की त्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. न जगलेल्यांची गोष्ट कोण सांगणार?

अशा स्त्रियांमध्ये एक गट शिरोडकरांच्या लक्षात विशेष राहिला. त्यांना दिवस राहत, पहिले तीन महिने सुरळीत जात, आणि चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान, फारशा कळा न येता, फारसा रक्तस्राव न होता, गर्भ निसटून जाई. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. स्त्री धडधाकट, गर्भही निर्व्यंग, आणि तरीही ओटी रिकामीच. घरात त्याचा दोष कोणावर येई, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गंडेदोरे, नवससायास झाले की शेवटी सवतीची भाषा सुरू होई.

वैद्यकाजवळ तरी यावर काय होते? सक्तीची विश्रांती आणि हार्मोनची औषधे, एवढेच. परदेशात स्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम हार्मोन गर्भ टिकावा म्हणून लाखो स्त्रियांना दिले गेले. त्याचा उपयोग नाही, हे १९५३ मधल्या एका पद्धतशीर चाचणीत दिसून आले होते, तरी ते देणे थांबले नाही. १९७१ मध्ये, त्या मातांच्या मुली वयात आल्यावर, काहींना एक दुर्मिळ कर्करोग होत असल्याचे उघड झाले. शिरोडकरांनी आपल्या रुग्णांपुरता निष्कर्ष काढला होता, तो असा, की विश्रांती आणि हार्मोन यांनी या विशिष्ट स्त्रियांचा गर्भ राहत नाही. तेव्हा कारण रक्तात न शोधता रचनेत शोधले पाहिजे.

आजीच्या बटव्याचे उदाहरण घेतले तर ही रचना चटकन ध्यानात येते. गर्भाशय ही पिशवी. तिचे मुख खालच्या बाजूला. गर्भारपणात हे मुख घट्ट मिटलेले असते आणि बाळंतपणाच्या कळांबरोबरच उघडते. पण काही स्त्रियांत त्याचा आतला, वरचा भाग जन्मतःच दुबळा असतो. काहींत आधीच्या बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत तो फाटलेला असतो. बटव्याची नाडी सैल असली की आत जिन्नस असेपर्यंत काही कळत नाही. वजन वाढले की तोंड उघडते. गर्भ वाढतो, पाण्याची पिशवी खाली फुगून येते, आणि मग सारे संपते. शिकागोच्या लॅश यांनी १९५० मध्ये हा फाटलेला भाग शिवण्याची पद्धत मांडली होती, पण ती गर्भ नसतानाच्या अवस्थेत करायची होती. शिरोडकरांनी त्यापुढचे धाडस केले. गर्भ पोटात वाढत असतानाच नाडी आवळायची, असे त्यांनी ठरवले.

हे धाडस किती मोठे होते, ते समजून घेतले पाहिजे. गर्भवतीच्या गर्भाशयमुखाला सुई लावणे म्हणजे गर्भपाताला आमंत्रण, असे तोपर्यंत मानले जाई. शिरोडकर साधारण साडेतीन महिन्यांनंतर शस्त्रक्रिया करीत. योनिमार्गातूनच, पोट न उघडता, गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन मूत्राशय हलकेच वर सारायचे, मागच्या बाजूलाही तसाच छेद घ्यायचा, आणि जिथे खरा दुबळेपणा आहे त्या आतल्या मुखाच्या पातळीला भोवतीने एक अरुंद पट्टी फिरवून बांधायची. ही पट्टी कशाची असावी, यातही त्यांची दृष्टी दिसते. साधा दोरा ऊती कापत जातो, विरघळणारा दोरा आठवडे टिकत नाही. म्हणून त्यांनी त्याच स्त्रीच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर असलेल्या चिवट पांढऱ्या आवरणाची पट्टी काढून वापरली. शरीर स्वतःच्या ऊतीला परके मानत नाही. पुढे मर्सिलीन या कृत्रिम धाग्याची विणलेली फीत आली आणि मांडीवरचा छेद टळला. पट्टी ओवण्यासाठी लागणारी वक्र सुईही आज शिरोडकरांच्या नावानेच मिळते.

हे काम त्यांनी १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात प्रसिद्ध केले. लंडन-न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या नियतकालिकात न देता एका भारतीय मासिकात दिलेला हा निबंध जगभर पोचला, ही गोष्ट आपल्याकडच्या संशोधकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली होती. शिरोडकरांचा गोवा मात्र अजून परकीय अमलाखालीच होता. पुढे त्यांनी परदेशांत जाऊन ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष करून दाखवली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅक्डोनल्ड यांनी तिचे सोपे रूप मांडले. मूत्राशय न हलवता, गर्भाशयमुखाभोवती बाहेरूनच बटव्यासारखी दोऱ्याची शिवण घालायची, हे ते रूप. सोपे म्हणून तेच अधिक प्रचारात आले. तरी व्यवहारात पुष्कळ डॉक्टर दोन्हींना शिरोडकरांचाच टाका म्हणतात, आणि त्यात अन्याय होत नाही. कारण गर्भ पोटात असताना मुख बांधता येते, ही मूळ कल्पना त्यांचीच.

त्यांचे इतर कार्य येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. तरुण स्त्रियांचे अंग बाहेर येणे या व्याधीत गर्भाशय काढून न टाकता फितीच्या आधाराने वर बांधून ठेवण्याची त्यांची शस्त्रक्रिया आजही शिकवली जाते. बंद झालेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी नवे प्रयोग केले. या साऱ्यांत एक सूत्र दिसते. अवयव कापून टाकण्यापेक्षा त्याला आधार द्यावा आणि स्त्रीचे मातृत्व शाबूत राखावे, असा त्यांचा कल होता. कुटुंबनियोजनाच्या चळवळीशीही त्यांचा निकट संबंध होता. हव्या त्या वेळी मूल व्हावे आणि नको तेव्हा होऊ नये, या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. त्यांच्या अनुभवाचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

टाक्याने मिळणारे चार-आठ आठवडे एवढे मोलाचे का, हे त्या काळी डॉक्टरांनाही पुरते ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर फुप्फुसात आहे. फुप्फुसातले वायुकोश आतून ओलसर असतात. ओल्या कापडाच्या दोन घड्या एकमेकींना चिकटाव्यात तसे ते श्वास सोडताच मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी साबणाच्या फेसासारखा एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. ही निर्मिती साधारण चोविसाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि पुरेशी होते ती चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. असे बाळ कण्हते. ते कण्हणे म्हणजे घसा अर्धवट मिटून छातीतली हवा आत अडवून ठेवण्याची त्याची स्वतःची धडपड असते. काही तासांत ते दमून जाते. हा पदार्थ कमी पडतो म्हणूनच ही बाळे दगावतात, हे मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले ते १९५९ मध्ये, म्हणजे शिरोडकरांच्या निबंधानंतर चार वर्षांनी.

कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २ किलोहून थोडे अधिक होते. आज एवढ्या बाळाची कोणी फारशी चिंता करणार नाही. त्याला बॉस्टनला नेऊन उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठीत ठेवले, आणि तरीही ३९ तासांत ते गेले. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान घरालाही जे मिळवता आले नाही, ते गिरणगावातल्या चाळीत कोठून मिळावे? प्राणवायू हे दुधारी शस्त्र आहे, हेही तोवर उमगले होते. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने प्राणवायू दिला गेला आणि त्यातली हजारो बाळे आंधळी झाली, कारण जादा प्राणवायूने त्यांच्या अपक्व दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या बिघडल्या. मग प्राणवायू आखडता घेतला, तर मृत्यू वाढले. पुढे यंत्राने श्वास देण्यास सुरुवात झाली. त्या यंत्रांवर जगलेल्या बाळांची फुप्फुसे दाबाने आणि प्राणवायूने व्रणयुक्त होतात, असे १९६७ मध्ये नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. या सगळ्या वर्षांत शिरोडकरांच्या टाक्याने थांबलेली बाळे मात्र आईच्या रक्तातून, वारेच्या मार्गाने, यंत्राविना प्राणवायू घेत पक्व होत होती. श्वासाला देता येईल असा तेव्हाचा सर्वांत निर्धोक आधार हाच होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९७१ मध्ये भारत सरकारने शिरोडकरांना पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचे भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बाळ श्वास सोडत असतानाही छातीत थोडा दाब सतत राखला तर वायुकोश मिटत नाहीत, असे त्यांनी दाखवले. अशा २० बाळांपैकी १६ जगली. म्हणजे जे बाळ कण्हून साधू पाहत होते, तेच त्यांनी बाहेरून साधून दिले. आज ही पद्धत नाकाला लावलेल्या मऊ नळ्यांनी आणि पाण्याच्या बाटलीत बुडवलेल्या दुसऱ्या टोकाने, बुडबुड्यांच्या साध्या आवाजात, लहान रुग्णालयांतही चालते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला तो स्निग्ध पदार्थच बाळाच्या श्वासनलिकेत सोडला.

या उपायांनी बाळे जगू लागली. पण जगलेल्या बाळाचे पुढे काय, हा प्रश्न मग समोर आला आणि तो अजून संपलेला नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या मुलांत पुढे हातापायांचा ताठरपणा, दृष्टीचे आणि श्रवणाचे दोष, उशिरा बोलणे, शाळेत गणित-वाचनात मागे पडणे, यांचे प्रमाण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा अधिक आढळते. सगळ्यांत आढळते असे मुळीच नाही. अशी पुष्कळ मुले पुढे इतरांसारखीच शिकतात, संसार करतात. मोठ्या यंत्रावर लांबलेले दिवस हे पुढच्या अडचणींचे एक पूर्वचिन्ह ठरले आहे, म्हणून अलीकडे नळी घालण्यापेक्षा नाकाने सौम्य दाब देण्याकडे कल आहे. श्वास घ्यायचे विसरणाऱ्या या बाळांना कॉफीतले कॅफिन औषध म्हणून दिल्यास पुढे हातापायांच्या व्यंगाचे प्रमाण घटते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. जन्म जितके आठवडे पुढे ढकलता येईल तितके हे सारे कमी लागते, आणि तेथे पुन्हा शिरोडकरांचा टाका येतो.

या टाक्याची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. यश मिळाले तसा तो नको तेथेही घातला जाऊ लागला. ब्रिटनमधील संस्थांच्या पुढाकाराने अनेक ठिकाणी झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,२९२ स्त्रिया होत्या. तेहतिसाव्या आठवड्याआधी प्रसूत होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के आणि न घातलेल्यांत १७ टक्के निघाले. म्हणजे सुमारे २५ टाक्यांमागे एक अतिअकाली प्रसूती टळली. खरा लाभ झाला तो ज्यांचे तीन किंवा अधिक गर्भ असे गेले होते त्यांना. आणि शिरोडकरांनी मुळात टाका योजला होता तो अशाच स्त्रियांसाठी. आता सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजून निवड करता येते. जुळे असताना केवळ मुख आखूड दिसले म्हणून टाका घालणे हितावह ठरलेले नाही. जंतुसंसर्ग झाला असेल वा पाणी गेले असेल तर टाका घालायचा नसतो.

आपल्या भागात या गोष्टीला एक निराळी बाजू आहे. दमणगंगेच्या धरणाचे पाणी पसरलेल्या दुधनीच्या परिसरात वारली आणि कोकणा समाजाचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. तेथल्या स्त्रीला खानवेलच्या आणि पुढे सिल्वासाच्या रुग्णालयात पोचायचे तर घाटाचा वळणाचा रस्ता आहे. अवेळी कळा सुरू झाल्या तर चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान स्टिरॉइडचे पहिले इंजेक्शन परिचारिकेने तेथेच देऊन मग पुढे पाठवावे, अशी मुभा केंद्र सरकारने २०१४ पासून दिली आहे. न्यूझीलंडमधला शोध असा पाड्यापर्यंत येऊ शकतो. टाक्याचे मात्र तसे नाही. तो घालायला शस्त्रक्रियागृह लागते, आणि घातला की वेळेवर काढावाही लागतो. ज्यांचे बाळंतपण नैसर्गिक व्हायचे, त्यांचा टाका सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास कापतात. त्याआधीच कळा सुरू झाल्या आणि गाठ तशीच राहिली, तर गर्भाशयमुख फाटते, आणि वाटेत, जीपमध्ये, ती गाठ कापणारे कोणी नसते. म्हणून ज्या स्त्रीला टाका घातला आहे तिच्या कार्डावर तो काढण्याची तारीख ठळक लिहिलेली असावी, ती तिच्या सासूला आणि गावच्या आशाताईलाही ठाऊक असावी, आणि शेवटचे आठवडे तिने रुग्णालयाच्या आटोक्यात, एखाद्या नातलगाकडे काढावेत.